विहिरीतले जंतू, आतड्यातले विष

पावसाची पहिली झड बसली की आरोग्य विभागाचे परिपत्रक गावोगाव जाते. पाण्याचे स्रोत निर्जंतुक करा, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा तपासा, ओआरएसची पाकिटे आशांकडे पोचवा. परिपत्रक राज्यभर तेच असले तरी नंदुरबार जिल्ह्यात त्याचे वजन जास्त. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास लोक होते आणि त्यांतले जवळजवळ ७० टक्के आदिवासी. शहादा-तळोद्याची तापीकाठची जमीन गाळाची, बोअर खोल, केळी-पपई-उसाची. तिथून उत्तरेला घाट चढला की अक्कलकुवा आणि अक्राणी. तिथे गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले आठ-दहा पाडे, आणि पाणी म्हणजे हातपंप, उघडी विहीर किंवा नदीच्या वाळूत हाताने उकरलेला झिरा.

सातपुड्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा. या खडकातून पाणी झिरपत नाही, भेगांमधून धावते. वाळूच्या जाड थरातून हळूहळू उतरणाऱ्या पाण्यातले जंतू वाटेत अडकतात, भेगेतून धावणारे पाणी त्यांना बरोबर घेऊनच विहिरीत उतरते. उतारावर वरच्या अंगाला जे काही पडलेले असते, माणसाचे असो की गुरांचे, ते पहिल्या दोन-तीन पावसांत खाली येते. त्या पंधरवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी जुलाब-उलट्यांनी भरते आणि नोंदवहीत निदानाच्या रकान्यात एकाखाली एक ‘गॅस्ट्रो’ लिहिले जाते. प्रत्यक्षात या एका निदानाखाली निरनिराळ्या विषांचे निरनिराळे आजार येतात. ते वेगळे ओळखले तर काय बदलेल, हा या लेखाचा विषय.

आधी पाण्याची तपासणी पाहू, कारण सरकारी यंत्रणेचा बराच वेळ तिच्यावर जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) १०० मिलि पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू आढळता कामा नये. गावपातळीवर एक छोटी बाटलीही चालते. तिच्यात औषध लावलेली कागदाची पट्टी असते, पाणी भरून ठेवायचे, काळे पडले तर पाणी दूषित. ही युक्ती ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडली आणि पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. स्वस्त आणि सोपी चाचणी आहे, तिला नावे ठेवायचे कारण नाही. पण ती सांगते एवढेच, की या पाण्यात विष्ठा मिसळली आहे. ई. कोलाय तर आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात कोट्यवधींनी नांदतो आणि त्यातला बहुतेक निरुपद्रवी असतो. त्याच्या अंगी विष बनवणारे किंवा तसेच घातक जनुक असेल तरच तो जुलाब लावतो, आणि त्या जनुकाबद्दल काळी पडलेली बाटली काहीच बोलत नाही.

जुलाबामागे विष असते, हे कळायलाही फार वेळ लागला. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जीवाणू ओळखला आणि तो विष सोडत असावा असा अंदाजही केला. पुढची पंचाहत्तर वर्षे ते विष कोणाला सापडले नाही, कारण शोध चुकीच्या जागी चालला होता. संशोधक जीवाणूंचा अर्क प्राण्यांच्या रक्तात टोचत, प्राणी मरत, पण पटकीसारखे जुलाब काही होत नसत. कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५३ मध्ये सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि जीवाणू थेट त्या बंद नळीत सोडले. दुसऱ्या दिवशी नळी पाण्याने टम्म फुगलेली. १९५९ मध्ये त्यांनी पुढची पायरी गाठली: जीवाणू गाळून काढलेले, नुसते निवळ पाणी आत सोडले, तरीही नळी फुगली. म्हणजे पाणी खेचणारे काम जीवाणूचे नव्हे, त्याने बाहेर टाकलेल्या पदार्थाचे. ‘नेचर’मध्ये आलेला हा निबंध पानभराचा आहे.

त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी दुसऱ्या वाटेने तेच दाखवले. दत्तांच्या गटाने सशाची काही दिवसांची पिल्ले वापरली. मोठ्या सशाला तोंडावाटे पटकी होत नाही, पिल्लाला होते, हे त्यांच्या गटाने आधीच बसवून घेतले होते. जिवंत जीवाणू नसलेला अर्क पाजूनही पिल्लांना पटकीसारखे जुलाब लागले आणि ती दगावली. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले. डे यांना त्यांच्या हयातीत देशात मोठा सन्मान मिळाला नाही. १९७८ च्या नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावले गेले, तेव्हा ते निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. दत्ता-पानसे-कुलकर्णी यांची नावे तर महाराष्ट्रातही फारशी कोणाला ठाऊक नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना परळचा हा प्रयोग सांगायला काय हरकत असावी, कळत नाही.

हे विष काम कसे करते ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. त्याचे दोन भाग असतात. पाच कणांचे एक कडे पेशीला चिकटते आणि एक सक्रिय भाग आत शिरतो. चिकटण्याची जागा ठरलेली: आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावरचा जीएम१ नावाचा स्निग्ध-शर्करायुक्त रेणू. आत गेलेला भाग पेशीतल्या एका प्रथिनाला कायमचे चालू स्थितीत अडकवतो, नळ पूर्ण सोडून तोटीच काढून न्यावी तसे. पेशीतला सीएएमपी नावाचा संदेशवाहक वाढतो, क्लोराइड बाहेर पडू लागते, मागोमाग सोडियम आणि पाणी. तीव्र पटकीत तासाला लिटरभर पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. तांदळाच्या धुवणासारखे पाणी, ताप नाही, रक्त नाही, पोटात फारशी मुरडही नाही. कारण पेशी मेलेली नसते, जखमही नसते. ती फक्त थांबत नाही.

मीठ-साखरेच्या पाण्याचे गुपितही इथेच आहे. विष पाणी बाहेर टाकण्याची वाट उघडते, पण साखर आणि सोडियम जोडीने आत घेणाऱ्या दुसऱ्या वाटेला ते हात लावत नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतल्या सलाइनची वाट न पाहता पिंपात कालवलेले मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावले आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. ज्या पाड्यावरून आजही रुग्णाला बांबूच्या झोळीतून सडकेपर्यंत आणावे लागते, किंवा नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या ज्या वस्त्यांना दवाखान्यासाठी बोटीची वाट पाहावी लागते, तिथे या ज्ञानाचे मोल शहरापेक्षा कितीतरी जास्त. मात्र पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते पेलाभर पाण्यात कालवून मुलाला पाजले तर मिठाचे प्रमाण वाढून उलट अपाय होतो. आणि ते कालवायचे पाणीही त्याच हंड्यातले असते. उकळून गार केलेले असले तर उत्तम, नाही तर त्यातल्या त्यात स्वच्छ घ्यावे, पण पाजणे थांबवू नये.

पटकीची साथ आली की सगळे जागे होतात. वर्षभर मुलांना पोखरणारा जीवाणू मात्र दुसराच आहे. ई. कोलायच्या एका प्रकाराला, ज्याला ईटेक म्हणतात, दोन विषे बनवता येतात. एक एलटी: रचनेत आणि कामात पटकीच्या विषाचे जवळचे भावंड, जीएम१ लाच चिकटणारे, उष्णतेने नष्ट होणारे. दुसरे एसटी: अगदी लहान, वीसेक अमिनो आम्लांचे, उकळत्या पाण्यातही काही वेळ टिकणारे, आणि सीजीएमपी या वेगळ्या संदेशवाहकाला हलवून तोच परिणाम साधणारे. २००७ ते २०११ या काळात आफ्रिका-आशियातल्या सात ठिकाणी, त्यांत आपले कोलकाताही, लहान मुलांच्या मध्यम ते तीव्र जुलाबांचा मोठा अभ्यास झाला. ‘लॅन्सेट’मध्ये २०१३ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांत बहुतेक जुलाबांमागे चार कारणे ठळक निघाली: रोटाविषाणू, क्रिप्टोस्पोरिडियम, शिगेला आणि एसटी बनवणारा ईटेक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जुलाब झालेल्या मुलांत पुढच्या दोन महिन्यांत मृत्यूचा धोका न झालेल्यांपेक्षा साडेआठ पट होता. जुलाब थांबल्यावर आपण फाइल बंद करतो, मुलाचा धोका मात्र तिथे संपत नाही. कुपोषणासाठी ज्या जिल्ह्याचे नाव दरवर्षी विधिमंडळात घेतले जाते, तिथे हा आकडा पोषण पुनर्वसन केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. वारंवार जुलाबाने आतड्याचे अस्तर झिजते, अन्न अंगी लागत नाही, आणि अंगी न लागलेल्या मुलाला पुढचा जुलाब लवकर गाठतो.

दुसरी जातकुळी रक्तीआवेची. जपानच्या कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये शोधलेल्या शिगेला डिसेंटेरी या जीवाणूचे विष पेशीला पाणी सोडायला लावत नाही, सरळ मारते. पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतला एक ठरावीक दुवा ते तोडते. एरंडाच्या बीतले रिसिन हे विषही नेमका तोच दुवा तोडते. एक जंतूचे, एक बांधावर उगवणाऱ्या झाडाचे, आणि कृती एकच. १९८४ मध्ये पश्चिम बंगालमध्ये या शिगेलाची मोठी साथ आली होती. आज त्या जातीचे प्रमाण कमी झाले असून फ्लेक्सनेरी आणि सोनेई या जाती जास्त आढळतात. त्यांचा मारा मुख्यतः आतड्यात घुसण्यावर. पण शिगाचे विष गुरांच्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायच्या काही प्रकारांनी उचलले आहे. कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये मे २००० मध्ये गोठ्याकडचे पाणी गावच्या विहिरीत उतरले आणि क्लोरिनकडे दुर्लक्ष झाले. सात माणसे मेली, दोन हजारांवर आजारी पडली. श्रीमंत देशातले गाव होते ते.

आणि तिसरे उदाहरण आपल्या दारातले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता-नांदेड गाव पट्ट्यात हातापायांतली ताकद जाणारे रुग्ण एकापाठोपाठ येऊ लागले. गिया बारे सिंड्रोमच्या रुग्णांची संख्या दोनशेच्या घरात गेली. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. इथे खेळ निराळा होता. या जीवाणूच्या आवरणावरची साखर मज्जातंतूंवरच्या जीएम१ सारखी दिसते. तिच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये आपल्याच मज्जातंतूंवर जातात. पटकीचे विष ज्या रेणूला पकडते, त्याच रेणूचे सोंग कॅम्पिलोबॅक्टर घेतो. एकाने माणूस पाण्याने रिकामा होतो, दुसऱ्याने लुळा पडतो. दोघांच्याही पहिल्या दिवसाची नोंद मात्र गॅस्ट्रो.

आता एक गैरसमज. ‘पाण्यातून विषबाधा’ असा मथळा वाचला की विहिरीत विष कालवलेले आहे असे वाटते. तसे नसते. विहिरीच्या हजारो लिटर पाण्यात या विषांचे प्रमाण नगण्य असते. धोका जिवंत जंतूंचा. ते पोटात जातात, आतड्याला चिकटतात, वाढतात आणि मग तिथे विष बनवतात. म्हणून जंतू मेले की पाणी पिण्यालायक झाले. एसटी उकळूनही टिकते हे वाचून पाणी उकळणे सोडायचे कारण नाही. तयार विष पोटात जाते ते अन्नातून: लग्नाच्या जेवणातला रात्रभर उघडा राहिलेला भात, उन्हात ठेवलेले श्रीखंड. स्टॅफिलोकॉकस किंवा बॅसिलस सिरियस अन्नातच विष बनवून ठेवतात, आणि उलट्या एक ते सहा तासांत सुरू होतात. पाण्यातल्या जंतूला वेळ लागतो, साधारण अर्ध्या दिवसापासून दोन-तीन दिवस, पटकीत काही तासांपासून पाच दिवस. जेवणावळीनंतर तीन तासांत पंगतच्या पंगत ओकू लागली तर विहिरीकडे धावण्याआधी स्वयंपाक पाहावा.

विषाची जनुके जीवाणूत पक्की रुजलेली नसतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. पटकीच्या विषाचे जनुक मुळात जीवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूचे आहे, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. ईटेकची जनुके प्लास्मिडवर असतात आणि ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. त्यामुळे या विहिरीत आजवर काही झाले नाही, या वाक्याला शास्त्राच्या दृष्टीने फारसा आधार उरत नाही.

तपासणीतली पोकळी कुठे आहे हे आता दिसते. पटकीचा जीवाणू प्रयोगशाळेत ओळखता येतो: शौचाचा नमुना योग्य माध्यमात घालून पाठवला, तर खास थाळीवर त्याच्या पिवळ्या वसाहती उगवतात. ईटेकचे तसे नाही. नेहमीच्या थाळीवर तो साध्या, निरुपद्रवी ई. कोलायसारखाच गुलाबी दिसतो. त्याला वेगळे काढायला पीसीआरने विषाचे जनुक शोधावे लागते. साथीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात पटकी निघाली नाही की अहवाल ‘नकारात्मक’ येतो आणि प्रकरण मिटते. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्रीत कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा नमुने भोपाळला गेले आणि विषाणूचे नाव एच५एन१ म्हणून देशाला कळले. कोंबडीच्या रोगाला नाव मिळाले, ते मिळायलाच हवे होते. त्याच जिल्ह्यातल्या मुलांच्या दर पावसाळ्यातल्या जुलाबाला ते मिळत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे, की पाण्याबाबत आपण तपासत बसतो जिथे नुसते शुद्ध करायला हवे, आणि रुग्णाबाबत नुसते औषध देतो जिथे तपासायला हवे.

पाणी शुद्ध करायचे गणित अवघड नाही. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, म्हणजे लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल धरले तर १९० ग्रॅमच्या आसपास. जलसुरक्षकाने ती पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडायचे, आणि तासाभराने ओटी चाचणी: नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळे झाले तर क्लोरिन शिल्लक आहे. हे सगळे कागदावर ठीक. प्रत्यक्षात पावडरची गोणी ग्रामपंचायतीच्या दमट खोलीत तोंड उघडी पडलेली असते. ताज्या पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरिन असतो, आणि दमट हवेत तो उडत जातो. पाच ग्रॅमचे गणित मग कागदावरच राहते. पुरानंतरचे गढूळ पाणी तर टाकलेला क्लोरिन स्वतःच खाऊन टाकते. झिऱ्यात आणि हातपंपात पावडर टाकण्याचा फारसा उपयोग नसतो, तिथे हंड्यातच क्लोरिनचे थेंब घालावे लागतात, आणि वास येतो म्हणून ते बाटलीतच राहतात. वासाची तक्रार खोटी नाही. डोस मोजून दिला तर वास कमी येतो, पण मोजायला चमचा कोणी दिलेला नसतो.

यंत्रणा कुठे तुटते ते मेळघाटाने दाखवले. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत पटकीची साथ येऊन माणसे दगावली. विजेचे बिल थकल्याने पाणी योजनेची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीवर गेले होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. पाण्याचे अहवाल, धोक्यानुसार गावाला मिळणारी लाल-पिवळी-हिरवी कार्डे, सगळे असूनही साथ आली ती वीजबिलाच्या वाटेने. अक्राणीतल्या नळयोजनांबाबतही विचारायचा पहिला प्रश्न हाच: पंप आज चालला का?

रुग्णाच्या बाजूला नाव कळल्याने काय फरक पडतो? पुष्कळ. पाण्यासारख्या जुलाबात ओआरएस आणि १४ दिवस जस्ताची गोळी यावर बहुतेक मुले बरी होतात, प्रतिजैविक लागत नाही. पटकीत ते लागते. शिगेलाच्या रक्तीआवेत लागतेच. शिगा-विष बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये मात्र ते टाळायचे असते, कारण काही प्रतिजैविकांनी विष उलट वाढते आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. सगळ्यांना एकच ‘बंद’ करणारी गोळी देणारा खासगी डॉक्टर मोलगीत असो की नंदुरबार शहरात, तो अंधारात बाण मारत असतो. पटकीच्या लसी देशात उपलब्ध आहेत, त्या साथीत उपयोगाच्या, पण ईटेकवर चालणारी लस आपल्याकडे नाही. त्यामुळे कोणता जंतू कुठे आहे हे कळणे हीच सध्या तयारी.

हे करायला नवी इमारत लागत नाही. कोविडच्या काळात जिल्ह्यात आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभी राहिली आणि नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अक्राणीतले धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर अशा पाच केंद्रांवर दर आठवड्याला जुलाबाच्या काही मुलांचे नमुने घ्यावेत, त्यांत एलटी, एसटी, शिगा आणि पटकी या विषांची जनुके शोधावीत, आणि निकाल त्याच आठवड्यात केंद्राच्या डॉक्टरला कळवावा. दिवाळीनंतर मात्र ही पद्धत पुरणार नाही. तेव्हा यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, मुले फडाच्या कडेचे पाणी पितात, आणि त्यांचे जुलाब नंदुरबारच्या नोंदवहीत येत नाहीत. होळीला परतल्यावर त्या मुलांची वजने घेतली जातात. त्याच वेळी एक नमुनाही घेता येईल.